आरसी बुकावर कुणाचं नाव?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘बाई आणि प्रवास’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे. मी त्यातला एकच तुकडा घेणार आहे, मोटारसायकल. गिअरची आणि किक मारून चालू करायची मोटारसायकल. ती विकत घेणं, बंद पडलेली असेल तर दुरुस्त करून उभी करणं आणि चालवायला शिकणं. ही तिन्ही कामं मी 2022 साली केली. त्यातून जे दिसलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी एक विचारते. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे त्यांनी हात वर करा. बरं, जवळजवळ सगळ्याच. आता ज्यांच्या स्वतःच्या नावावर ती आहे त्यांनीच हात वर ठेवा. आता ज्या ती स्वतः चालवतात त्यांनी. आणि आता, ज्यांना तिचा प्लग काढून साफ करता येतो त्यांनी.

बघा, हात कसे खाली येत गेले. गाडी आपल्या घरात आहे, दारात आहे, तिच्या कर्जाचे हप्ते कित्येकदा आपणच भरतो. पण तिच्या कागदावर, तिच्या हँडलवर आणि तिच्या इंजिनावर हात दुसऱ्याचा आहे. आजचं माझं बोलणं या तीन हातांविषयी आहे.

बाईची जागा मागच्या सीटवर, हे आपल्याकडे इतकं गृहीत आहे की ते कायद्यातसुद्धा उतरलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 सालचे. त्यातला 123 क्रमांकाचा नियम सांगतो की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं निम्मं तरी चाक झाकेल असं आवरण हवं, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. नियम चांगला आहे, त्याने जीव वाचतात. पण गाडी बनवताना बाईचा विचार कुठे झाला, हे त्यातून कळतं. तो मागच्या चाकापाशी झाला. दिल्लीत तर 2014 पर्यंत बायकांना हेल्मेटची सक्तीच नव्हती. पदराची काळजी घेणारे नियम होते, डोक्याची घेणारे नव्हते.

एक दिवस मात्र चित्र उलटं असतं. गुढीपाडव्याला गिरगावात, डोंबिवलीत शोभायात्रा निघतात. नऊवारी नेसून, नथ घालून, फेटा बांधून बायका बुलेट चालवतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो येतात. मला त्या बायकांचं कौतुक आहे, भर गर्दीत पहिल्या गिअरवर तेवढी जड गाडी सांभाळणं सोपं नाही. पण उरलेल्या दिवसांचं काय? रात्री नऊ वाजता, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, तहसीलच्या गावाहून वाडीवर एकटी मोटारसायकलने निघालेली बाई दिसली तर तेच लोक फोटो काढत नाहीत. ‘एवढ्या रात्री कुठं?’ असं विचारतात.

आता माझ्या कामाकडे येते. मी मराठवाड्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवर काम करते. घरात मारहाण होणाऱ्या बायकांना भेटायचं, त्यांचा अर्ज तयार करायचा, त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात, कोर्टात जायचं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत आम्हांला गृहभेट कशी करावी ते शिकवलं. काय विचारावं, कसं बसावं, काय लिहून घ्यावं. गृहभेटीला पोचायचं कशानं हे अभ्यासक्रमात नव्हतं. ते एस.टी.च्या वेळापत्रकात होतं. सकाळची गाडी, दुपारची गाडी आणि रात्री गावातच थांबणारी मुक्कामी गाडी.

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. कामगारांची बाजू मला समजत होती. इतक्या कमी पगारात घर चालत नाही. पण संपात एक गोष्ट उघडी पडली. गावातल्या पुरुषांचं येणं-जाणं फारसं अडलं नाही, त्यांच्याकडे दुचाक्या होत्या. अडल्या त्या बायका, शाळा-कॉलेजच्या मुली आणि म्हातारी माणसं. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा म्हणतो, अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत कोर्टाने पहिली तारीख द्यावी आणि साठ दिवसांत प्रकरण निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. कायद्याने दिवस मोजले आहेत. पण वाडीपासून तालुक्याच्या कोर्टापर्यंतचे चोवीस किलोमीटर कायद्याने मोजलेले नाहीत. जीपवाला जागा नाही म्हणाला की तारीख चुकते. एका बाईने मला फोनवर सांगितलं, ‘ताई, मला कोर्टात न्यायला तोच तयार आहे. त्याच्या गाडीवर.’ ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच मागच्या सीटवर बसून तिने कोर्टात जायचं! त्या आठवड्यात मी गाडी शोधायला लागले.

नव्या गाडीला तेव्हा सत्तर हजारांच्या पुढे मोजावे लागत होते. ते माझ्या आवाक्यात नव्हतं. शेजारच्या गावात एका निवृत्त अंगणवाडी सेविकेच्या पडवीत 2004 सालची हिरो होंडा स्प्लेंडर पोत्याखाली उभी होती. नवरा वारल्यापासून ती तिथेच होती. दीर म्हणत होता, भंगारात घाला, दोन हजार येतील. बाई म्हणाल्या, ‘हिचे निम्मे पैसे माझ्या मानधनातले आहेत. मी हिच्यावर मागं बसून तेवढी हिंडले. भंगारात कशी घालू?’

आम्ही 9,000 रुपयांत सौदा ठरवला. पण विकण्याआधी एक काम होतं. गाडी मृत नवऱ्याच्या नावावर होती. तिच्यावर बाईंचं नाव लागल्याशिवाय त्या ती विकू शकत नव्हत्या. त्यासाठी फॉर्म 31, मृत्यूचा दाखला आणि मुलांचं संमतीपत्र लागलं. मग त्यांच्याकडून माझ्या नावावर येण्यासाठी फॉर्म 29 आणि 30. शिवाय गाडीला पंधरा वर्षं होऊन गेलेली, म्हणून नोंदणीचं नूतनीकरण, तो फॉर्म 25. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. पर्यावरण कर वेगळा, विमा वेगळा, धूर तपासणीचा दाखला वेगळा. हे सगळं मुद्दाम सांगते, कारण ‘कागदांची भानगड बायकांना जमत नाही’ म्हणूनच गाडी भावाच्या किंवा मुलाच्या नावावर जाते. रेशनकार्डातून नवऱ्याचं नाव कमी करणं, सातबाऱ्यावर वारसाची नोंद लावणं, ही कामं आपण करतोच की. हे त्याहून अवघड नाही. बाईंनी पहिल्या फॉर्मवर सही केली तेव्हा म्हणाल्या, ‘विकायला का होईना, एकदा माझ्या नावावर आली.’

आता दुरुस्ती. हिच्याबद्दल बायकांच्या सभेत सहसा कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गॅरेज ही आपल्याकडे पूर्ण पुरुषांची जागा आहे. तिथे बाईला बसायला खुर्ची मिळते, चहा मिळतो, ‘ताई’ म्हणून मानही मिळतो. गाडीजवळ मात्र जागा मिळत नाही. पहिल्या गॅरेजात मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मिस्त्रींनी माझ्याबरोबर आलेल्या सोळा वर्षांच्या भाच्याला दिली. दुसऱ्या गॅरेजात मी आधीच अट घातली. मजुरी पूर्ण देईन, पण मी शेजारी बसणार, पाने मी देणार आणि जे खोलाल ते मला दाखवून खोलायचं. मिस्त्री हसले आणि हो म्हणाले. तीन रविवार मी त्यांच्याकडे बसले.

गाडी नऊ वर्षं उभी होती. उभ्या गाडीचं काय होतं? टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ राहते. ती कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसते. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. ते बुजलं की इंजिनाला पेट्रोल मिळत नाही, मग किक मारून पाय दुखले तरी गाडी चालू होत नाही. आम्ही कार्बोरेटर खोलला, जेट काढून साफ केले. टाकीला आतून गंज होता. तीत डिझेल आणि मूठभर बारीक नट टाकून ताक घुसळावं तशी घुसळली, तांबडं पाणी निघालं. टायर, ट्यूब, बॅटरी, चेन आणि स्प्रॉकेट, क्लच प्लेटा, ब्रेकची लायनिंग, केबली, प्लग आणि ऑइल, एवढं नवं टाकलं. सुट्या भागांचे 7,500 आणि मजुरीचे 3,000 झाले. गाडीच्या किमतीसकट 19,500. सरकारी फी आणि विमा याच्या वर.

इंजिनाचं गूढ तिथे संपलं. या गाडीचं इंजिन 97.2 सीसीचं आहे. म्हणजे टपरीवरच्या चहाच्या एका पेल्याएवढी जागा. त्या जागेत चार कामं एकामागून एक होतात. हवा-पेट्रोल आत ओढणं, दाबणं, ठिणगीने पेटवणं आणि धूर बाहेर फेकणं. फोर-स्ट्रोक म्हणतात ते हेच. ज्या बाईला चूल पेटवताना हवा किती आणि लाकूड किती हे कळतं, तिला हे कळायला वेळ लागत नाही. काढलेल्या प्लगचं टोक विटकरी असेल तर सगळं ठीक, काजळीने काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, तेलकट ओलं असेल तर ऑइल जळतंय. चेन मधोमध बोटाने वर-खाली करून बघायची, दोन-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. जास्त सैल असेल तर उतरेल, फार ताठ असेल तर झिजेल. इतकं ज्ञान पुरुषांनी जन्मतः आणलेलं नाही. कुणीतरी त्यांना लहानपणी पाने धरायला शेजारी बसवलं, एवढंच.

आणि हे ज्ञान का हवं? कारण रस्त्यात गाडी बंद पडेल ही भीती बाईला जास्त घरी बसवते. आई, सासू, नवरा सगळे हेच विचारतात, ‘मध्येच बंद पडली तर?’ या प्रश्नाला धीटपणाचं उत्तर देऊन भागत नाही. डिकीत प्लगचा पाना, एक जादा प्लग, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर आहे आणि तो वापरता येतो, हे उत्तर आहे.

शिकणं मला एका दूधवाल्या बाईंनी शिकवलं. नवऱ्याची पाठ गेल्यापासून त्या रोज पहाटे दोन कॅन बांधून मोटारसायकलने डेअरीवर दूध घालतात. शिकाऊ लायसन्स मी काढून ठेवलं होतं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. माझी गाडी गॅरेजात होती तोवर, बाजार नसेल त्या दिवशी दुपारी, बाजार समितीच्या मोकळ्या मैदानात आम्ही त्यांच्या गाडीवर सराव केला. क्लच कसा सोडायचा ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. ‘म्हस पान्हा सोडती तसा क्लच सोडायचा, हळूहळू. घाई केली की लाथ बसती.’ इतकं नेमकं मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

त्यांच्याकडून शिकलेल्या आणखी दोन-तीन गोष्टी सांगते. किक पायाच्या ताकदीने मारायची नसते, उभं राहून अंगाचं वजन तिच्यावर टाकायचं. पडलेली गाडी समोरून ओढून उचलू नये. गाडीकडे पाठ करायची, सीटला पाठ टेकून खाली बसायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची दांडी धरायची आणि मांड्यांच्या जोरावर मागे मागे सरकत उठायचं. शंभर किलोच्या वरची गाडी उठते. उचलताना ती गिअरमध्ये असावी, म्हणजे घरंगळत नाही. ओढणी गळ्यात मोकळी ठेवायची नाही. कमरेला बांधायची किंवा घरी ठेवायची. साडीवर चालवणाऱ्यांनी निऱ्या खोचून काष्टा मारावा. आणि हेल्मेट दरवेळी घालायचं, पाचशे मीटर जायचं असलं तरी.

कुणी म्हणेल, बायकांसाठी बिनगिअरच्या गाड्या आहेत की. आहेत, आणि त्यांचं मोल मी कमी करत नाही. 1972 साली पुण्यात लुना आली, 1984 साली बटणावर चालू होणारी कायनेटिक होंडा आली, पुढे स्कूट्या आल्या. शहरांतल्या हजारो नोकरदार बायका आणि कॉलेजच्या मुली त्यांच्यामुळे रस्त्यावर आल्या. पण डोंगरातल्या खडीच्या रस्त्याला मोठं चाक लागतं आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळते ती मोटारसायकलच. शिवाय घरात आधीच असलेली गाडीही बहुतेक तीच असते. ती चालवता येत नसेल, तर घरात गाडी असून बाई पायी जाते.

आता कागदाचा मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं सांगते आहे. आपल्या भागात लग्न ठरताना मोटारसायकल मागतात, हे नवीन नाही. मुलीचा बाप कर्ज काढून देतो. गाडी जावयाच्या नावावर होते. चार वर्षांनी मुलीला घराबाहेर काढलं जातं तेव्हा आपण स्त्रीधनाची यादी करायला बसतो. मंगळसूत्र, पाटल्या, भांडी, कपाट सगळं लिहितो. गाडी लिहायला विसरतो, कारण ती ‘त्याची’ आहे. हुंडाबंदी कायदा 1961 सालचा आहे. त्याचं सहावं कलम सांगतं की हुंडा कुणीही घेतलेला असो, तो तीन महिन्यांत त्या बाईकडे दिला पाहिजे आणि तोवर तो तिच्यासाठी सांभाळलेला आहे असंच धरलं जातं. लग्नातल्या भेटवस्तूंची यादी करून वधू-वरांनी सह्या करायच्या, असे नियम 1985 पासून आहेत. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालीही कोर्ट स्त्रीधन आणि तिच्या हक्काची मालमत्ता परत करायला सांगू शकतं. म्हणून अर्ज लिहिताना विचारा. गाडी कधी घेतली? पैसे कुणाच्या खात्यातून गेले? शोरूमची पावती कुठे आहे? गाडीचा नंबर काय?

तीच गोष्ट बचत गटाची. गटातून बाईच्या नावावर कर्ज निघतं, कारण दिलं जातं ‘घरखर्च’ किंवा ‘शेळीपालन’, आणि येते नवऱ्याची मोटारसायकल. हप्ता ती भरते, नाव त्याचं. गटाच्या बैठकीत साधा ठराव का होऊ नये, की गटाच्या पैशातून गाडी आली तर आरसी बुकावर नाव सभासद बाईचं लागेल?

या गाडीपुराणात दोन धोकेही आहेत, तेही मांडते.

पहिला धोका, गाडी आली की बाईचं काम वाढतं. मी ज्या बायकांना ओळखते त्यांच्यात हे दिसतं. गाडी चालवायला लागली की गिरणी तिची, मुलांची शाळा तिची, सासूचा दवाखाना तिचा, खताची गोणीसुद्धा तिचीच. नवरा म्हणतो, ‘तुला येतीय की आता.’ म्हणून गाडी शिकवतानाच बोललं पाहिजे. आठवड्यातली एक फेरी तिची स्वतःची, कुणाच्याही कामाची नसलेली. मैत्रिणीकडे, माहेरी, नाहीतर नुसतं तळ्यावर. मोकळेपणाची सवयही शिकावी लागते.

दुसरा धोका, आपण गाडी घेतली म्हणून एस.टी.ची मागणी सोडायची. तसं अजिबात करू नये. मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण जी गाडी वाडीवर येतच नाही तिचं अर्धं तिकीट काय कामाचं? सगळ्या बायका गाडी घेऊ शकणार नाहीत. म्हाताऱ्या, आजारी, अपंग, रोजंदारीवर जगणाऱ्या बायकांचा रस्ता एस.टी.तूनच जातो. सातारकडची असो की लातूरकडची, प्रत्येक संघटनेने आपल्या तालुक्यातल्या बंद झालेल्या फेऱ्यांची यादी करून आगारप्रमुखांना दिली पाहिजे.

एकेकटीने शिकण्यापेक्षा मिळून शिकलं तर काय होतं, याचं उदाहरण तमिळनाडूत आहे. पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 पासून साक्षरतेची मोहीम चालली. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकथ यांनी अक्षरांबरोबर सायकल चालवणं हाही मोहिमेचा भाग केला. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या बायका हजारोंनी सायकल शिकल्या. एकटी बाई सायकलवर दिसली तर गाव हसतं. शंभर जणी दिसल्या तर गाव बाजूला होऊन रस्ता देतं.

म्हणून शेवटी माझ्या काही सूचना. प्रत्येक संघटनेने वर्षातून एकदा गाडी शिकवण्याचं शिबिर घ्यावं. शिकवणाऱ्या बायका आपल्याच गावांत आहेत, दूधवाल्या आहेत, आशाताई आहेत. त्याच दिवशी शिकाऊ लायसन्सचे अर्ज भरून घ्यावेत. जवळच्या गॅरेजवाल्या दादांना बोलावून तीन गोष्टी शिकून घ्याव्यात: प्लग काढणं, चेन बघणं, ऑइल तपासणं. संस्थेच्या पैशातून कार्यकर्तीसाठी वाहन घेतलं जातं तेव्हा ते ऑफिसातला पुरुष कर्मचारी वापरणार आणि ती त्याच्या मागे बसणार, ही पद्धत बंद करावी. आणि पीडित बाईची माहिती घेण्याच्या आपल्या छापील नमुन्यात एक ओळ वाढवावी: ‘घरात वाहन आहे का? कुणाच्या पैशाने? कुणाच्या नावावर?’

जेवणाच्या सुट्टीनंतर गाडी मैदानात उभी करते. पाने आणि पक्कड डिकीत आहेत. ज्यांना प्लग काढून बघायचा आहे त्यांनी हात काळे करायच्या तयारीने यावं.